दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : समाजाचा शब्द राजदरबारी नेणारे धुरंधर

राज्यकारभार ज्यांच्यासाठी चालतो त्यांना त्यात काही बोलण्याचा अधिकार असावा की नाही, हा प्रश्न आजच्या पिढीला विचित्र वाटेल. मतदानाचा हक्क, ग्रामसभा, हरकती मागविणारी शासकीय सूचना, अल्पसंख्याक आयोग या गोष्टी आज आपल्या नित्य परिचयाच्या झाल्या आहेत. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चित्र अगदी निराळे होते. कायदा कोठेतरी दूर होई, कर कोठेतरी ठरे आणि गावातील श्रावकाला त्याची वार्ता तलाठ्याच्या किंवा पाटलाच्या तोंडून कळे. त्यातही जो समाज संख्येने लहान, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज कोणालाच वाटत नसे. अशा काळात अल्पसंख्य समाजाचे गाऱ्हाणे अर्जाच्या कागदावरून कायदेमंडळाच्या सभागृहापर्यंत आणि तेथून मंत्रिमंडळाच्या मेजापर्यंत नेण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत दिवाणबहादूर अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ही गोष्ट त्यांनी केवळ जैन समाजासाठी केली नाही. सत्तेपासून दूर राहिलेल्या सर्वच समाजांसाठी केली. म्हणूनच त्यांचे चरित्र एका समाजापुरते मर्यादित राहत नाही.

आपल्या मराठवाड्यात अण्णासाहेबांचे नाव दक्षिण महाराष्ट्राइतके घरोघरी पोहोचलेले नाही. त्याला कारणही आहे. हिंगोली, औंढा, सिद्धेश्वर हा सारा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. अण्णासाहेबांची कर्मभूमी म्हणजे कोल्हापूर, सांगली, बेळगाव हा भाग ब्रिटिश इलाख्यात आणि दक्षिणी संस्थानांत विभागलेला होता. राज्ये वेगळी असली, तरी श्रावकांची स्थिती सारखीच होती. शिरड शहापूरच्या मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला येणारा श्रावक आणि स्तवनिधीच्या यात्रेला जाणारा श्रावक हे दोघेही आपापल्या राजाचे केवळ प्रजाजन होते. धोरण ठरविण्यात त्यांचा वाटा नव्हता. हा वाटा कसा मिळवावा, कोणत्या मार्गाने मागावा आणि मिळाल्यावर कसा वापरावा, याचे उत्तर शोधण्यात अण्णासाहेबांचे आयुष्य खर्ची पडले.

बालपण आणि समाजसंघटना

अण्णासाहेबांचा जन्म ९ डिसेंबर १८७८ रोजी कुरुंदवाड येथे झाला. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज तेव्हा मुख्यत्वे शेतकरी होता. कृष्णा-पंचगंगेच्या काठची सुपीक जमीन कसणारा, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारा, धर्माचारात कडक, परंतु शिक्षणात फार मागे असा हा समाज होता. मुंबई, गुजरात, राजस्थानकडील व्यापारी जैन बांधवांची सांपत्तिक स्थिती त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. ज्या समाजात इंग्रजी शिकलेला मुलगा विरळा, त्या समाजातून अण्णासाहेब एम.ए., एल.एल.बी. झाले. ही त्या काळी अपूर्व घटना होती.

पदवी हाती आल्यावर एकट्याचे भले करून घेणे त्यांना सहज शक्य होते. तथापि एकटा माणूस शिकला म्हणून समाजाचे म्हणणे कोणी ऐकत नाही, त्यासाठी समाजाने संघटित झाले पाहिजे, ही गोष्ट त्यांनी फार लवकर ओळखली. १८९९ मध्ये स्तवनिधी या पवित्र क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत तरुण अण्णासाहेब होते. पुढे या सभेच्या कार्याची मोठी धुरा त्यांनी वाहिली. दरसाल अधिवेशन भरवावे, ठराव करावेत, ते सरकारकडे पाठवावेत, त्यांचा पाठपुरावा करावा, हिशेब छापावेत ही सारी शिस्त समाजाला नवी होती. पंचायतीत बसून वाद मिटविण्याची सवय जुनी होती. परंतु लेखी ठराव करून सरकारला उत्तर देण्यास भाग पाडावयाचे, ही रीत सभेने समाजात रुजविली. जैन धर्माची ओळख इंग्रजी वाचकांना व्हावी, म्हणून १९०५ मध्ये अण्णासाहेबांनी इंग्रजीत एक ग्रंथ लिहिला. त्यामागेही हीच दृष्टी होती. राज्यकर्त्यांना आपण कोण आहोत हेच ठाऊक नसेल, तर ते आपला विचार काय करणार?

संख्येचा प्रश्न

१९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील जैनांची संख्या सुमारे १३ लक्ष ३४ हजार भरली. १९११ मध्ये ती सुमारे १२ लक्ष ४८ हजारांवर आली. कोट्यवधींच्या देशात हे प्रमाण अर्धा टक्कासुद्धा नव्हते, आणि तेही घटत होते. समाजातील विचारवंतांना या आकड्यांनी अस्वस्थ केले.

याच सुमारास मोर्ले-मिंटो सुधारणा आल्या. १९०९ च्या या कायद्याने कायदेमंडळांत लोकप्रतिनिधींची संख्या वाढली आणि मुस्लिम समाजाला स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. तेव्हा जैन समाजाचे काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहिला. मुंबईचे दानशूर सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी भारतवर्षीय दिगंबर जैन समाजाच्या वतीने व्हाइसरॉय लॉर्ड मिंटो यांच्याकडे १९०९ मध्ये अर्ज केला आणि जैनांची गणना महत्त्वाच्या अल्पसंख्य समाजांत व्हावी अशी विनंती केली. सरकारचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. अल्पसंख्यांसाठी काही जागा सरकारी नेमणुकीने भरावयाच्या असून त्या भरताना जैनांच्या दाव्याचा योग्य विचार होईल, असा त्याचा आशय होता.

हे उत्तर समाधानाचे होते, आणि एका अर्थी असमाधानाचेही होते. नेमणूक म्हणजे सरकारची मर्जी. ज्याला सरकार नेमील तो सरकारचा माणूस. त्याला लोकांना उत्तर द्यावे लागत नाही आणि लोकांनाही त्याला जाब विचारता येत नाही. अर्ज आणि मर्जी यांच्या पलीकडे जाणारा मार्ग शोधणे, हे त्यानंतरच्या पिढीचे काम होते. ते अण्णासाहेबांच्या वाट्याला आले.

करवीरच्या छायेत

अण्णासाहेब कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे संस्थानच्या शिक्षण खात्यातही त्यांनी अधिकारपद सांभाळले. करवीरची गादी तेव्हा राजर्षी शाहू छत्रपतींकडे होती. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. ज्ञाती-ज्ञातींच्या वसतिगृहांना त्यांनी जमिनी आणि अनुदाने दिली. त्यांतील दिगंबर जैन बोर्डिंगच्या व्यवस्थेची जबाबदारी अण्णासाहेबांकडे होती. महाराजांची दृष्टी व्यवहारी होती. कारभारात सर्व समाजांची माणसे हवीत, तर आधी ती माणसे शिकलेली हवीत, आणि शिकावयाची तर खेड्यातील मुलाला शहरात राहण्यास जागा हवी.

या बोर्डिंगच्या इतिहासातील एक प्रसंग समाजाने विसरता कामा नये. कुंभोजचे भाऊराव पाटील, म्हणजे पुढे कर्मवीर म्हणून महाराष्ट्राला वंद्य झालेले थोर शिक्षणमहर्षी, तेव्हा या बोर्डिंगचे विद्यार्थी होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी कोल्हापुरात १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून सोवळ्याचा नियम पाळावा, असे त्यांना सांगण्यात आले. भाऊरावांनी साफ नकार दिला. बोर्डिंगचे नियम कडक होते आणि त्यांची अंमलबजावणी अण्णासाहेबांच्या हाती होती. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. आपल्या समाजाला राज्यात स्थान मिळावे म्हणून झटणारी संस्था स्वतःच्या दारात दुसऱ्या समाजाला स्थान देण्यास अजून सिद्ध नव्हती. जो न्याय आपण सरकारकडे मागतो तोच न्याय आपल्याहून दुर्बल माणसाला द्यावयाचा असतो, हा धडा त्या दिवशी एका विद्यार्थ्याने शिकविला. त्याच विद्यार्थ्याने ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले या गावी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंक्तीत जेवावयास बसविले.

अण्णासाहेबही त्या नियमांत अडकून राहिले नाहीत. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची पुन्हा उभारणी झाली, तेव्हा भास्करराव जाधवांसह पुढाकार घेणाऱ्यांत ते होते. महात्मा फुल्यांचा विचार स्वीकारल्यावर केवळ आपल्या समाजापुरते पाहणे शक्यच नव्हते.

अग्निपरीक्षा

सत्तेच्या जवळ असणे जितके उपयोगाचे, तितकेच धोक्याचेही असते. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्तींच्या पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि सारे शहर हादरले. संशयाची सुई अण्णासाहेबांकडे वळली. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊराव पाटलांवर दडपण आणले गेले. ज्या बोर्डिंगातून त्यांना बाहेर पडावे लागले होते, त्याच बोर्डिंगच्या अधिकाऱ्याविरुद्ध साक्ष देण्याची ही संधी होती. जुना राग काढावयाचा असता तर एक वाक्य पुरे होते. परंतु भाऊरावांनी खोटी साक्ष देण्याचे नाकारले. तुरुंगवास भोगला, असह्य यातना सोसल्या, मृत्यूच्या दारापर्यंत जाऊन आले. पण असत्य बोलले नाहीत. सत्य या व्रताचे याहून मोठे उदाहरण समाजाच्या अर्वाचीन इतिहासात क्वचितच सापडेल.

या प्रकरणानंतर अण्णासाहेबांचे कोल्हापूर सुटले. ते बेळगावला आले आणि वकिली करू लागले. नोकरी गेली, राजाश्रय गेला. परंतु याच वळणामुळे एक संस्थानी अधिकारी जनतेचा प्रतिनिधी होण्याच्या मार्गाला लागला. शाहू महाराजांविषयी त्यांच्या मनात कटुता उरली नाही, याचा पुरावा त्यांनी स्वतःच मागे ठेवला आहे. महाराजांच्या निधनानंतर त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र अण्णासाहेबांनी लिहिले आणि ते १९२४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. राजर्षींचा अभ्यास करणाऱ्यांना आजही त्या ग्रंथावाचून पुढे जाता येत नाही.

प्रतिनिधित्वाची मागणी

२० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थानला क्रमाक्रमाने जबाबदार राज्यपद्धती देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच हिवाळ्यात ते स्वतः हिंदुस्थानात आले आणि व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्यासह ठिकठिकाणची शिष्टमंडळे भेटली. निवेदने स्वीकारली गेली, म्हणणी ऐकली गेली. सार्वजनिक विचारविनिमयाचा एवढा मोठा प्रसंग ब्रिटिश अमदानीत यापूर्वी क्वचितच आला होता. परंतु ऐकले जाते ते बोलणाऱ्याचे. ज्यांच्याकडे संस्था नाही, वर्तमानपत्र नाही, इंग्रजीत निवेदन लिहिणारा माणूस नाही, त्यांच्यासाठी हा दरवाजा उघडा असूनही बंदच होता.

ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबई इलाख्यातील ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी डेक्कन रयत असोसिएशन ही संस्था उभी केली. तिच्या धुरीणांत अण्णासाहेब लठ्ठे आणि वालचंद कोठारी हे दोघेही जैन होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शेतकरी, कारागीर, मागासलेले वर्ग यांचे प्रतिनिधी नव्या कायदेमंडळांत राखीव जागांवर यावेत, अशी मागणी संस्थेने मांडली. १९१६ च्या लखनौ करारान्वये मुंबई इलाख्यात मुस्लिम प्रतिनिधींना निवडून आलेल्या जागांपैकी एक तृतीयांश जागा मिळावयाच्या होत्या. मग ज्यांची संख्या प्रचंड परंतु शिक्षण व सत्ता नगण्य, अशा वर्गांचे काय, असा हा सवाल होता.

मागणीला विरोधही तितकाच प्रखर झाला. नोव्हेंबर १९१७ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील अथणी येथे झालेल्या सभेत लोकमान्य टिळकांनी या मागणीवर टीका केली. देश स्वराज्यासाठी झगडत असताना जातवार जागा मागणे म्हणजे फूट पाडणे, असे राष्ट्रीय पक्षाच्या अनेकांना प्रामाणिकपणे वाटत होते. हा आक्षेप पोकळ नव्हता. स्वतंत्र मतदारसंघांनी समाजा-समाजांत भिंती उभ्या राहतात, हे पुढील तीस वर्षांच्या इतिहासाने दाखविलेच. दुसरीकडे, राखीव जागांवाचून शिकलेल्या थोड्या घराण्यांच्या हातीच सारी सत्ता जाईल, ही भीतीही खोटी नव्हती. दोन्ही बाजूंना सत्याचा अंश होता. ज्या समाजाला अनेकांताची शिकवण आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

साउथबरो यांच्या अध्यक्षतेखाली मताधिकार समिती आली. २७ जानेवारी १९१९ रोजी तिच्यासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी अस्पृश्य वर्गाची बाजू मांडली. अखेर १९१९ च्या कायद्याखालील नियमांत मुंबई इलाख्यातील मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या. या जागांची रचना समजून घेण्यासारखी आहे. त्यांसाठी वेगळा मतदारसंघ नव्हता. सर्वांनी एकत्र मत द्यावयाचे. मतदारसंघातून एकाहून अधिक उमेदवार निवडावयाचे. त्यांतील एक जागा राखीव वर्गातील सर्वाधिक मते मिळविणाऱ्यास द्यावयाची. त्यामुळे राखीव जागेवरील उमेदवारालाही सर्व समाजांची मते मागावी लागत. भिंत न बांधता दार उघडण्याची ही युक्ती होती. पुढे १९३२ च्या पुणे करारातही संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा यांचीच सांगड घातली गेली.

या साऱ्या झगड्यात जैन समाजाच्या पदरात काय पडले? जैनांच्या नावाने मुंबई कायदेमंडळात एकही जागा राखून ठेवली गेली नाही. ज्या वर्गांसाठी अण्णासाहेब झगडले, त्यांना काही मिळाले. स्वतःच्या समाजाला नावानिशी काही मिळाले नाही. कोणी संकुचित वृत्तीचा पुढारी असता, तर या क्षणी निराश होऊन बाजूला झाला असता. अण्णासाहेबांनी वेगळा मार्ग घेतला. नव्या कायद्याखालील पहिल्या निवडणुकीत ते दक्षिण विभागातून मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. मराठा, लिंगायत, जैन अशा नाना समाजांच्या या मुलखात केवळ जैनांच्या मतांवर कोणीही निवडून येणे शक्य नव्हते. संख्येने लहान समाजातील माणूस इतर समाजांच्या विश्वासावर दिल्लीला गेला, ही त्या निवडणुकीची खरी शिकवण होय.

लोकांचे ऐकून घेण्याचा कायदा

१९२१ ते १९२३ या काळातील त्या पहिल्या मध्यवर्ती कायदेमंडळाने केलेल्या कायद्यांपैकी एकाचा उल्लेख आपल्या परिसरातील वाचकांसाठी मुद्दाम केला पाहिजे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सरकारला जमीन घेण्याचा अधिकार होता. परंतु जमीनमालकाने संपादनालाच हरकत घेतली, तर ती ऐकून घेण्याची तरतूद नव्हती. भरपाई किती, एवढ्यापुरतेच त्याला बोलता येई. १९२३ च्या दुरुस्तीने त्या कायद्यात कलम ५-अ आले. अधिसूचना निघाल्यावर ३० दिवसांच्या आत हितसंबंधी व्यक्तीने लेखी हरकत द्यावी आणि कलेक्टरने ती ऐकून अहवाल द्यावा, असा नियम झाला. लोकांनी निवडलेली माणसे सभागृहात बसू लागली, त्याच पहिल्या कायदेमंडळाच्या कारकिर्दीत ऐकून घेण्याचे हे कर्तव्य कायद्यात लिहिले गेले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास व जनसुनावणी बंधनकारक केली. पूर्णेच्या खोऱ्यात, येलदरी-सिद्धेश्वरच्या पाण्याशेजारी राहणाऱ्या माणसांना जमीन जाणे म्हणजे काय आणि आपले म्हणणे वेळेवर ऐकले जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

दिवाणपद आणि मंत्रिपद

कालचक्र फिरले. ज्या कोल्हापुरातून अण्णासाहेबांना बाहेर पडावे लागले होते, त्याच संस्थानाने त्यांना सन्मानाने परत बोलाविले. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात, ते करवीर संस्थानचे दिवाण झाले. दिवाणबहादूर ही उपाधी त्यांच्या नावामागे कायमची जडली. पूर्वी अर्ज लिहिणारे हात आता अर्जांवर निर्णय लिहू लागले.

यानंतर ते राष्ट्रीय सभेच्या प्रवाहात सामील झाले. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा ठरविल्या. त्यांत मुस्लिमांसाठी २९, देशी ख्रिस्ती समाजासाठी ३, युरोपियनांसाठी ३, अँग्लो-इंडियनांसाठी २ अशा जागा होत्या. सर्वसाधारण ११४ जागांपैकी १५ अस्पृश्य वर्गांसाठी आणि ७ मराठ्यांसाठी राखीव होत्या. जैनांच्या नावापुढे या खेपेसही शून्यच होते. परंतु १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे सात मंत्र्यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले, तेव्हा प्रांताचा खजिना ज्यांच्या हाती सोपविण्यात आला ते अर्थमंत्री म्हणजे बेळगाव जिल्ह्यातून निवडून आलेले अण्णासाहेब लठ्ठे होते. राखीव जागा एकही नसलेल्या समाजाचा माणूस साऱ्या प्रांताचे अंदाजपत्रक मांडीत होता.

येथे त्यांच्या कर्तृत्वाची दुसरी, अधिक कठीण कसोटी लागली. काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचे धोरण स्वीकारले आणि १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात ते अमलात आणले. व्यसनमुक्ती हा जैन समाजाच्या जिव्हाळ्याचा विषय. तथापि अबकारीचे उत्पन्न बुडाले म्हणजे शाळा, दवाखाने, रस्ते यांचा खर्च कोठून भागवावयाचा, याची काळजी अर्थमंत्र्याला होती. त्यासाठी शहरी स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. मुंबईत त्याचा दर घरभाड्याच्या वार्षिक मूल्याच्या १० टक्के होता. यावर मोठे वादळ उठले. पारशी समाजातील अनेक कुटुंबांचा चरितार्थ मद्य व ताडीच्या व्यापारावर चाले. त्यांना आपला धंदा बुडताना दिसला. मुस्लिम समाजातील अनेकांची आणि त्यांच्या धर्मादाय संस्थांची मिळकत घरभाड्यावर अवलंबून होती. कराचा भार आपल्यावरच अधिक पडतो, असे त्यांचे म्हणणे होते. सभा झाल्या, निदर्शने झाली.

हेतू शुद्ध असला तरी धोरणाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे या प्रसंगाने उघड केले. या वेळी अण्णासाहेब सत्तेच्या बाजूला होते आणि गाऱ्हाणे दुसऱ्या अल्पसंख्य समाजांचे होते. दारूबंदीचे खाते सांभाळणारे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः पारशी होते, तरी पारशी समाजाचे समाधान झाले नाही. मंत्रिमंडळात आपला माणूस असणे वेगळे आणि निर्णयापूर्वी आपल्याशी बोलणे होणे वेगळे, हा भेद या उदाहरणावरून स्पष्ट होतो. मंत्रिमंडळाने धोरण मागे घेतले नाही. पुढे महायुद्धाच्या प्रश्नावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि दारूबंदी पूर्वीच्या जोमाने टिकू शकली नाही. लोकमत सोबत नसेल, तर चांगला कायदासुद्धा सत्तेबरोबरच दुबळा होतो, असा बोध यातून घेता येतो.

आपल्या मुलखातील स्थिती

हे सारे ब्रिटिश मुंबईत घडत असताना आपला हिंगोलीचा मुलूख कोठे होता? हैदराबाद संस्थानात १८९३ पासून कायदेमंडळ होते खरे. परंतु जनतेला जबाबदार असे ते कधीच नव्हते. १९३९ मध्ये निजाम सरकारने काही सुधारणा जाहीर केल्या. त्यांत प्रतिनिधी व्यवसायगटांनुसार घेण्याची योजना होती. महायुद्धाने तीही लांबणीवर पडली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि १९५२ मध्ये येथील जनतेने प्रौढ मताधिकाराने प्रथमच आपले आमदार निवडले. दक्षिण महाराष्ट्रातील श्रावकांनी अर्ज, ठराव, निवेदने, निवडणुका यांचा अर्धशतकाचा जो अनुभव घेतला, तो आपल्या पूर्वजांना घेता आला नाही. आपल्या भागात संस्था-संघटनांची परंपरा उशिरा रुजली, त्याचे एक कारण हेही होय.

संध्याकाळ आणि वारसा

स्वतंत्र भारताचे संविधान तयार होत असताना अल्पसंख्यांच्या प्रश्नाचा विचार सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने केला. १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्यांसाठी कायदेमंडळांतील राखीव जागांची कल्पना सोडून देण्यात आली. त्याऐवजी संस्कृती जपण्याचा आणि शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क अनुच्छेद २९ व ३० मध्ये दिला गेला. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि त्याच वर्षी अण्णासाहेबांची जीवनयात्रा संपली. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांचे नाव आजही चालवीत आहे.

१९०९ मध्ये सेठ माणिकचंदांनी जी विनंती केली होती, तिला औपचारिक उत्तर मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. २००५ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने निर्णय शासनावर सोपविला. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. २०११ च्या जनगणनेत देशातील जैनांची संख्या ४४,५१,७५३ आणि महाराष्ट्रातील १४,००,३४९ इतकी नोंदली गेली आहे.

परंतु अधिसूचना म्हणजे मुक्कामाचे ठिकाण नव्हे, हे अण्णासाहेबांच्या चरित्रावरून ध्यानात येते. त्यांच्या आयुष्यात तीन पायऱ्या दिसतात. पहिली संघटनेची : समाजाने एकत्र येऊन आपले म्हणणे लेखी मांडणे. दुसरी सहकार्याची : आपल्यासारख्याच वंचित समाजांच्या मागण्या आपल्या मानून त्यांच्याबरोबर उभे राहणे. तिसरी जबाबदारीची : अधिकार हाती आल्यावर दुसऱ्या अल्पसंख्यांचे गाऱ्हाणे ऐकणे. यांतील पहिली पायरी समाजाने चांगली चढली, दुसरी बऱ्याच अंशी चढली. तिसरी पायरी मात्र सर्वांत अवघड आहे. खुद्द अण्णासाहेबांनाही तिने दमविले.

आज संधीची वाण नाही. ग्रामसभेला घटनेचा आधार आहे. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. प्रस्तावित कायद्याचा मसुदा निदान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असे धोरण केंद्र शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले आहे. परंतु या सुनावण्यांत, या हरकतींत, या सभांत गावोगावचे किती श्रावक-श्राविका आपले म्हणणे नोंदवितात? जनगणनेच्या वेळी धर्माच्या रकान्यात स्पष्टपणे जैन असे लिहावयास किती घरे विसरतात? आणि आपल्या गावातील पारधी, बंजारा, मुस्लिम, नवबौद्ध बांधवांचे म्हणणे ग्रामसभेत ऐकले जाते की नाही, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावीत.

कुरुंदवाडच्या एका साध्या घरातून निघालेल्या या थोर पुरुषाने अर्जदार, प्रतिनिधी आणि राज्यकर्ता अशा तिन्ही भूमिका एका आयुष्यात पार पाडल्या. समाज लहान असला तरी त्याचा विचार लहान असू नये, हाच त्यांच्या जीवनाचा सारांश होय. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!